मुंग्या

टीव्हीच्या पोटावर एक झाकण होतं,
नखानं उचकटायचं.
आत आठ चाकं, तुरीच्या डाळीएवढी,
आणि ती फिरवायची प्लास्टिकची काडी
श्रीपतीकाकांच्या बंडीच्या खिशात,
तपकिरीच्या डबीशेजारी.
दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पहिल्या चाकावर दिल्ली. ठणठणीत.
दुसऱ्यावर मराठी यायचं,
म्हणजे मागल्या पावसापर्यंत यायचं.
आता नुसत्या मुंग्या,
आणि मुंग्यांच्या खालून कुणीतरी बोलल्यासारखं,
तांब्यात तोंड घालून.

काका चाक फिरवायचे, केसभर.
मग ओरडायचे, "वर कोण हाय?"
वर नेहमी तानूकाकी.

शुक्रवार पेठेतल्या त्या स्लॅबवर
लोखंडी पाइपाला ॲल्युमिनियमचा सांगाडा,
खाऊन झालेल्या माशासारखा,
तोंड पन्हाळ्याच्या जरा डावीकडं.
मधल्या जिन्यात मी.
माझं काम एवढंच, खालचं वर आणि वरचं खाली.
"आलं?" "न्हाई!" "आता?" "वाईच आलं!" "गेलं!"
"मागं फिरव. मागं म्हंजे गंगावेशीकडं!"
शेजारचे चौगुले खिडकीतून विचारायचे,
"कुणाचं काय गेलं?"

मग एकदम माणसाचं नाक दिसायचं, मग सगळा माणूस.
"हलू नगंस! तशीच धरून ऱ्हा!"
काकी तशीच धरून राहायची,
शनिवारचा अख्खा सिनेमा.
खाली चौदा माणसं, शेंगांचं सूप,
कुणीतरी म्हणायचं, "बिचारी."
जाहिराती लागल्या की म्हणायचं.

मग एकदा इलाही मिस्त्री आले, बारगीरांचे.
सायकलला पिशवी, कानावर पेन्सिल.
टीव्हीकडं बघितलंसुद्धा नाही.
"चाक फिरवून काय हुतंय, मालक?
जे वरनं येतच न्हाई, ते खाली कुठनं घावंल?"
वर जाऊन वायरीचा सांधा उघडला.
तांब्यावर हिरवं चढलेलं,
देवघरात विसरलेल्या पळीवर चढतं तसं.
खरवडलं, पिळलं, नट आवळला,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी.
खाली मुंग्या वारुळात गेल्या.
निवेदिकेच्या कुड्यांतले मोती मोजता आले.
बारा रुपये. चहा घेतला नाही, रोजा होता.

त्या शनिवारी काकीनं खाली बसून सिनेमा बघितला.
बसली अशी नाहीच फार:
पाणी, टरफलांचं सूप, मामंजींची गोळी,
दूध उतू गेल्याचा वास,
आणि कोपऱ्यातून कुणीतरी, "चहा टाक की गं."
कोण कुणाचा भाऊ निघाला
ते तिनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं.

गुरुवारी मी अडकलेला पतंग काढायला वर गेलो.
काकी पाइपापाशी उकिडवी,
पट्टी सोडलेली, बांगडीतली पिन दातात,
दोन बोटांनी नट ढिला करत होती.
अर्धा आटा. जास्त नाही.
मुंग्या याव्यात,
पण मिस्त्रीला बोलवावं असं कुणाला वाटू नये,
इतपत.
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी पतंगाकडं.

शनिवारी खालून आवाज आलाच, "वर कोण हाय?"
लुगड्याचा पदर खोचून ती निघालीसुद्धा होती.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मला दिसायचं:
डाव्या हातात पाइप,
उजव्या हातात चिरमुऱ्यांचा पुडा,
नदीकडून वारा,
जोतिबाच्या डोंगरावर एकच दिवा लागलेला,
आणि ती काहीतरी पुटपुटत होती,
गाणं असेल, हिशेब असेल,
मुंग्यांमुळे मला नीट ऐकू आलं नाही.

सिनेमा संपला. बातम्या लागल्या.
माणसं चपला शोधायला लागली.
काका म्हणाले, "सांग तिला, उतर म्हणावं आता."
मी जिन्यात गेलो, वर तोंड केलं.

"अजून जरा," म्हणालो. "हलू नगंस."